फांदीमागचं इंजिन

"डबा, पाणी, स्वेटर, सगळं घेतलंय. तुम्ही फक्त स्वतःला घ्या," बायको म्हणाली आणि चष्मेवाले कॅमेरा छातीशी धरून मेहुण्याच्या गाडीत बसले.

चष्म्याचं दुकान हा त्यांचा धंदा, पण खरं वेड मालगाड्यांच्या फोटोंचं. फोटोत माणूस आलेला त्यांना खपत नसे. "आमच्या लग्नाचा फोटोसुद्धा भिंतीवरून कपाटात गेला, तिथे आता टँकरच्या मालगाडीचा लागलाय," असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. तरी दर रविवारी डबा तीच भरून देई. आज जुनं निळं इंजिन शेवटची मालगाडी ओढणार होतं, मग थेट भंगारात. वळणावरच्या टेकाडावरून अख्खी गाडी दिसते, पण तिथल्या झाडाची पानं गळल्यावरच.

टेकाडावर तिघं पोचली तर पानं पिवळी झाली होती, मात्र जागची हलायला तयार नव्हती. नेमकी एक फांदी वळणाच्या आड येत होती.

"दाजी, काळजी सोडा," म्हणत मेहुण्यानं दोर काढला. एक टोक फांदीला, दुसरं गाडीच्या मागच्या हुकाला. गाडी जरा पुढे घेताच फांदी मुकाट वाकली आणि रूळ दिसू लागले.

"मेहुणा असावा तर असा!" चष्मेवाले गहिवरले.

तेवढ्यात शिट्टी झाली. इंजिन बघायला मेहुणाही टुणकन उतरला. हँडब्रेक तेवढा लावायचा राहिला. वाकलेल्या फांदीनं गाडी हळूहळू मागे ओढली आणि स्वतः वर उठू लागली.

"अरे, फांदी! फांदी!" चष्मेवाले किंचाळले. मेहुणा गाडीमागे धावला. इंजिन वळणावर आलं. बायकोनं डबा खाली ठेवला, उडी मारली आणि दोन्ही हातांनी फांदीला लटकली. डोक्यावर धो धो पानं पडली, तशी ती खो खो हसत सुटली.

"घ्या हो लवकर! हात सुटतायत माझे!"

चष्मेवाल्यांनी बटण दाबलं. बघता बघता शेवटचा डबाही निघून गेला.

कॅमेऱ्यात बायको लख्ख आली होती, केसांत पानं आणि तोंडभर हसू. मागे नुसता निळा डाग.

"माझ्यामुळे गेला ना फोटो?" ती हिरमुसली.

चष्मेवाल्यांनी तिचे खरचटलेले तळहात पाहिले. त्यांना एकदम भरून आलं. "इतकी वर्षं डबा भरून देतेस, आज फांदीलाही लटकलीस. आणि मी एकदाही तुझ्याकडे कॅमेरा वळवला नाही. फार केलंस गं माझ्यासाठी."

"पुरे. भाऊ ऐकतोय."

तो फोटो आता दुकानात, डोळे तपासायच्या खुर्चीसमोर लावलाय. नवा चष्मा चढवला की ते गिऱ्हाइकाला विचारतात, "काय दिसतंय?"

"एक बाई फांदीला लटकून हसतायत."

"आणि मागे?"

"मागचं काही कळत नाही बुवा."

"बरोब्बर! नंबर जुळला."

परवा एकजण म्हणाला, "मागे इंजिन आहे वाटतं." चष्मेवाल्यांनी त्याचा चष्मा काढून घेतला आणि नंबर पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतला.