दुर्पदा शिंपीण आणि पोहण्याचे पोशाख

एका जंगलात एक तळं होतं आणि त्या तळ्यात सगळे उघडेच उतरत.

मुलांनो, फिदीफिदी हसू नका. ही फार मागासलेल्या काळातली गोष्ट आहे. तेव्हा प्राण्यांना उकडलं की ते पाण्यात जात आणि गार वाटलं की बाहेर येत. या दोहोंच्या मधे आणखी काही करायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तळ्याच्या काठी उंबरावर दुर्पदा राहायची. दुर्पदा म्हणजे शिंपीण. अंगठ्याएवढा पक्षी, पण चोच सुईसारखी. दोन पानं जवळ आणून अशी शिवायची की टाका शोधून सापडू नये. जंगलातली निम्मी घरटी तिच्या हातची होती. "काय हात आहे!" असं सगळे म्हणत आणि तेवढं म्हणून निघून जात.

दुर्पदाला हे पुरेना. घरटं एकदा शिवलं की वर्षभर कुणी फिरकत नाही. त्यात नाव होत नाही. आपला स्वतःचा धंदा हवा, असं तिच्या मनाने घेतलं.

उंबराखालीच तानूबाई नावाची म्हैस डुंबायची. ऊन चढलं की पाण्यात, कललं की बाहेर. शिंगं आणि नाकपुड्या तेवढ्या वर. दुर्पदा उडायला शिकली ती तिच्याच पाठीवरून. तिला ती मावशी म्हणायची.

"मावशी, मी पोहण्याचे पोशाख शिवणार आहे," दुर्पदा म्हणाली.

"पोहायला पोशाख?" तानूबाईने एक कान हलवला. "तो भिजेल ना गं?"

"तुला नाही कळायचं."

"नाही ना," असं म्हणून तानूबाई आणखी चार बोटं पाण्यात गेली.

दुर्पदाने पहिला पोशाख शिवला तो कमळाच्या पानांचा. दोरा वेलीच्या तंतूचा. माप पाणमांजराचं. पाणमांजराने तो घालून तळ्याला तीन फेऱ्या मारल्या. एक टाका उसवला नाही.

"छान आहे," ते म्हणालं. "याने जास्त जोरात पोहता येतं का?"

"नाही."

"थंडी कमी वाजते?"

"तेवढीच वाजते."

"मग?"

पाणमांजराने पोशाख नीट घडी घालून परत केला. वळण चांगलं होतं त्याला. महिनाभरात असे सहा पोशाख फांदीवर लटकले आणि मुंग्यांनी त्यात संसार मांडला.

अशात जंगलात कोल्हेसाहेबांचं शिबिर लागलं. विषय होता, 'स्वतःचा धंदा सुरू करा'. कोल्हेसाहेबांचा स्वतःचा धंदा एकच होता. तो म्हणजे हे शिबिर.

दुर्पदा पोशाख घेऊन त्यांच्यापुढे गेली. साहेबांनी तो ताणून पाहिला, उन्हात धरून पाहिला.

"माल चांगला आहे," ते म्हणाले. "इथेच चुकलात. गिऱ्हाईक काय म्हणालं?"

"पोशाख कशाला हवा, म्हणालं."

"बरोबर आहे त्याचं. आपण उघडे आहोत हे त्याला माहीतच नाही. कुणी सांगायला नको?"

"पण साहेब, मला तर कुणी उघडं दिसत नाही. पाणमांजर दिसतं, म्हैस दिसते."

"ताई, तुम्ही आता उद्योजिका आहात. तुम्हाला दिसलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी उंबराच्या बुंध्याला एक पाटी लागली. 'तुम्ही पाण्यात उतरता तेव्हा काठावरचे का हसतात?'

खरं तर कुणी हसत नव्हतं. एक तरस हसायचं, पण ते जन्मापासूनच हसायचं आणि कुणाकडेही बघून हसायचं. आता मात्र प्रत्येकाला ते तरस आठवलं. ससा पाण्यातून बाहेर आला तो पुढचे दोन्ही पाय पोटाशी धरून. हरिणी सगळे जाईपर्यंत झुडपामागे थांबू लागली. आणि मोर, ज्याने उभा जन्म पिसारा वर करून काढला होता, तो एक दिवस हळूच विचारता झाला, "मी मागून कसा दिसतो हो?"

चौथ्या दिवशी उंबराखाली रांग लागली. दुर्पदाला सगळे 'दुर्पदाताई' म्हणू लागले. तिचा ऊर भरून आला. अंगठ्याएवढ्या पक्ष्याचा ऊर तो, भरायला कितीसा वेळ लागतो!

आठवड्यात तळ्यातली कमळाची पानं संपली.

"पळसाच्या पाकळ्या घ्या," कोल्हेसाहेब म्हणाले. "दोरा कोळ्याच्या जाळ्याचा. बघा कसं चमकतं!"

"साहेब, हे पाण्यात घटकाभरही टिकणार नाही."

"पाण्यात नेतंय कोण?"

"पोहण्याचा पोशाख ना हा?"

"पोशाख पोहण्याचा आहे. पोहायचं की नाही, ते गिऱ्हाईक बघेल." आणि साहेबांनी प्रत्येक पोशाखावर लावायची चिठ्ठी तिला सांगितली. दुर्पदाने ती आपल्या चोचीने लिहिली. 'पाण्यापासून जपावे.'

त्या दिवशी तिला अळी गोड लागली नाही. दुसऱ्या दिवशी रांगेत मोर सर्वांत पुढे दिसला, तेव्हा तिने दोन खाल्ल्या.

प्राणी चिडतील असं तिला वाटलं होतं. पण प्राण्यांनी चिठ्ठी वाचली आणि पोशाख डोक्यावर घ्यायचाच बाकी ठेवला. एवढा जपायचा म्हणजे भारीच असणार! मग सगळे तळ्याच्या काठी ओळीने बसू लागले. एक पाय पुढे, पोट आत, मान जरा तिरकी. पाण्याकडे सगळे बघत. पाण्यात कुणी जाईना.

वनराजांनी स्वतःसाठी बहाव्याच्या फुलांचा पिवळाधमक पोशाख करून घेतला आणि हुकूम काढला, 'पोशाखाशिवाय कुणीही तळ्यावर फिरकू नये.' पाणमांजर त्याच दुपारी पोरंबाळं घेऊन डोंगरापलीकडच्या नदीवर निघून गेलं. त्याला प्रगती सोसली नाही, असं कोल्हेसाहेब म्हणाले.

राहिली तानूबाई.

ती उंबराखाली आली. "दुर्पे, मलाही एक शिव गं. वैशाख लागला. अंग नुसतं भाजतंय."

कोल्हेसाहेबांनी तिला शिंगापासून शेपटीपर्यंत न्याहाळलं. "तुमच्या मापात येत नाही," ते म्हणाले. "आधी थोड्या कमी व्हा. मग बघू."

दुर्पदा दोरा ओवत राहिली. मान वर केली नाही तिने.

आपण जाड आहोत हे तानूबाईला तोवर ठाऊक नव्हतं. आपण म्हैस आहोत अशीच तिची समजूत होती. ती मागे फिरली. चारा निम्म्यावर आणला. लोकांच्या नजरेला नको म्हणून करवंदीच्या जाळीमागे उभी राहू लागली. तिथे ना चिखल, ना सावली. तिची कातडी वाळली, मग तडकली, मग तडकलेल्या जागी माश्या बसू लागल्या.

उंबराच्या शेंड्यावरून दुर्पदाला ते रोज दिसे. अखेर तिला राहवेना. तीन दिवस दुकान बंद ठेवून तिने दोनशे पळसफुलांचा एक पोशाख शिवला आणि जाळीमागे नेऊन दिला.

"माझ्या मापाचा?" तानूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्यासाठी एवढं केलंस, पोरी?"

बरं वाटलं दुर्पदाला. फार म्हणजे फार बरं वाटलं.

तानूबाई पोशाख घालून काठावर आली आणि सगळ्यांच्या ओळीत बसली. एक पाय पुढे. पोट आत घ्यायचा तिने प्रयत्न केला. तरसाखेरीज कुणी हसलं नाही. ती सुखावली.

ऊन चढत गेलं. इतरांना सावलीत जाऊन येता येत होतं. तानूबाई हलली नाही, कारण एकदा उठलं तर एवढी मोठी जागा परत मिळणार नाही. माथ्यावर सूर्य आला तेव्हा तिच्या तोंडाला फेस होता. दुर्पदा भुर्रकन येऊन तिच्या शिंगावर बसली.

"मावशी, पाण्यात जा."

"चिठ्ठी वाचली नाहीस का?"

"मीच लिहिली ती! काढून टाक हे आणि जा. पूर्वी जायचीस तशी जा."

"उघडी?" तानूबाई दचकली. "पूर्वी मला माहीत नव्हतं गं."

"मग घालून जा. विरघळला तर विरघळू दे. मी दुसरा शिवते."

"आणि विरघळल्यावर एवढ्यांच्या समोर बाहेर कशी येऊ?"

दुर्पदा उडाली आणि ओळीपुढून ओरडत सुटली. "अरे, खोटं आहे हे! पोशाख कुणालाच नको होता! कुणी हसत नव्हतं! हिला कुणीतरी पाण्यात ढकला!"

"ताई, हळू," मोर म्हणाला. "धंद्यातल्यांनी असं बोलू नये."

"आमच्या ताईंना विनोदाचं अंग आहे," कोल्हेसाहेब हसून म्हणाले. तेव्हा सगळेच हसले.

दुर्पदा परत आली आणि पोशाखाचे टाके चोचीने उसवू लागली. तानूबाईने शेपूट फिरवून तिला बाजूला केलं. माशीला करतात तसं.

ऊन कललं. ओळीतले सगळे उठले. तानूबाई उठली नाही. पाणी तिच्यापासून पाच पावलांवर होतं.

दुसऱ्या दिवशी काठावर शोकसभा भरली. वनराज अध्यक्ष होते. कोल्हेसाहेबांचं भाषण झालं. "तानूबाई गेल्या," ते म्हणाले, "पण त्यांनी शेवटपर्यंत पोशाखाला पाण्याचा थेंब लागू दिला नाही!" सगळ्यांचे डोळे भरून आले. सगळ्यांनी माना पुढे काढून आसवं जमिनीवर गाळली. पोशाखावर पडायला नकोत म्हणून.

मग हरिणी हळूच म्हणाली, "अशा प्रसंगाला हे रंगीत बरं दिसत नाही. काळ्यात मिळेल का?"

कोल्हेसाहेबांनी दुर्पदाकडे पाहिलं. सगळ्या जंगलाने पाहिलं. दुर्पदाच्या तोंडात 'नाही' आलं होतं, अगदी चोचीच्या टोकापर्यंत आलं होतं. एवढ्यात मोर उठून तिच्यापुढे उभा राहिला. त्याच्यामागे ससा, सशामागे हरिणी. रांग वळण घेऊन करवंदीच्या जाळीपर्यंत गेली.

दुर्पदाने डोळे पुसले.

"किती दिवसांत हवेत?" तिने विचारलं.

तात्पर्य: मुलांनो, हे वहीत लिहून घ्या, पुढे उपयोगी पडेल. पोहणाऱ्याला पोशाख विकता येत नाही, म्हणून आधी त्याचं पोहणं बंद करावं. आणि धंदा करणाऱ्याने मन हळवं ठेवायला काहीच हरकत नाही. त्याने शिवण थांबत नाही.