विड्यावाचून अडलेला तह

श्रीकृपेकरून वाचणारांचे व ऐकणारांचे कल्याण असो. शके अकराशे एकोणीस, पिंगलनाम संवत्सर, ते समयी एका थोर राज्यात ऐसा प्रकार घडला की सांगता आमचाच ऊर धपापतो! पूर्वेकडील पातशहाने लढाईत युवराज हंबीरराव धरून नेले होते, आणि त्यांचे सुटकेचे बोलणे करावयास पातशहाचा वकील बहराम बेग आला, आणि नगारे झडले, आणि महाराज सिंहासनी विराजमान जाहले, आणि पडद्याआड राणी कुंडाईसाहेब श्वास रोखोन बैसल्या. मग वकील आसनी बैसला आणि मुकाच जाहला! प्रहर लोटला, तोंडातून अक्षर नाही. आता आमचे दरबारची रीत ऐसी की विडा दिला म्हणजे निरोप दिला. विडा हाती पडताच पाहुण्याने उठोन चालते व्हावे. सबब विड्याचे तबक समोर असोन कोणी हात लावीना. महाराज हळूच प्रधान नागोपंतांस म्हणाले, "हा बोलत का नाही?" पंत म्हणाले, "गर्व, महाराज! आपण आधी बोललो की आपण याचक ठरलो. तोंड उघडू नये." झाले! इकडेही कुलूप, तिकडेही कुलूप, आणि सरदारांचे हात तलवारीवर, आणि वकील रागे लाल होऊन उठावयास लागला! तो गेला म्हणजे बोलणे मोडले, आणि युवराज कायमचे अंतरले!

मग कुंडाईसाहेबांस राहवेना. वकिलाची नजर तबकावरून हलत नाही, हे त्यांनी केव्हाच हेरिले होते. त्या थेट बाहेर आल्या आणि विडा उचलोन त्यापुढे धरिला. "घात झाला!" नागोपंत ओरडले. "बाईसाहेब, निरोप दिलात!"

"पाहुणा कोरड्या तोंडानं बसलाय, पंत. माझं लेकरूही कुणाच्या तरी दारात असंच बसलं असेल."

वकिलाने विडा मुखी घातिला, डोळे मिटोन चाविला आणि मग बोलिला, "आमचे मुलुखी यजमानाचे हातचे खाल्ल्यावाचून कामाचे बोलणे महापाप. विडा न मिळता तर युवराजांस परत घेऊन जात होतो. ते वेशीबाहेर मेण्यात बसले आहेत. बोलावू काय?"

मग दरबार राहिला कोठे! राणीसाहेब अनवाणी धावल्या, आणि मागे महाराज मुकुट सावरीत, आणि त्यांचे मागे सारे सरदार! मेण्याचा पडदा सारोन हंबीरराव म्हणाले, "आईसाहेब, सकाळपासून वाट पाहतोय. आत एवढं काय चाललं होतं?"

महाराजांनी पंतांकडे पाहिले, आणि पंतांनी जमिनीकडे.

"काही नाही रे," राणीसाहेब त्यांस कुरवाळीत म्हणाल्या. "आम्ही रीत पाळत होतो."

ऐसा तह जाहला आणि दोन्ही दौलतींचे सख्य वाढले. घडले तैसे लिहिले.