फिकट बदामी भिंत

घराची पुढची भिंत मी स्वतः रंगवणार, असं मी एका सकाळी बोलून गेलो. तोंडात चहा होता, त्यामुळे बायकोला ते नीट ऐकू गेलं नसेल अशी मला आशा होती. (लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी अशा आशा बाळगतो.) "बरं," ती म्हणाली आणि जिन्याखालची शिडी काढायला उठलीसुद्धा.

बायको घरात पाळणाघर सुरू करणार होती. त्यासाठी तिने नोकरी सोडली होती, बाहेरची खोली रिकामी करून तिथे गाद्या अंथरल्या होत्या आणि टेबलांच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवला होता. रविवारी एक बाई आपल्या मुलीला घेऊन जागा बघायला येणार होत्या. त्यांना पसंत पडलं, तर त्यांच्या ऑफिसातल्या दोघीतिघी आपलीही मुलं पाठवणार होत्या. नाही पडलं, तर त्या गाद्यांवर आम्ही नवरा-बायकोनेच लोळायचं होतं. आणि फाटक उघडलं की पहिली दिसायची ती ही भिंत. खडबडीत, दाणेदार गिलाव्याची, आणि जागोजागी सिमेंटची ठिगळं लावलेली. ठिगळं माझीच.

"हे बघून कोण आपलं पोटचं पोर इथे ठेवेल?" बायको म्हणाली. आवाजात राग असता तर मी वाद घातला असता, पण काळजी होती.

रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "भिंत कशी आहे?"

"आमचीच आहे."

"तसं नव्हे हो. गुळगुळीत की खडबडीत?"

"खडबडीत. कोपर घासलं तर सालटं निघतं."

"मग लांब केसांचा रोलर न्या. आणि ठिगळांना आधी प्रायमर मारा, नाहीतर ती रंगातून वर दिसतील."

मी मान डोलावली, पण ऐकलं काही नाही, कारण तोवर माझ्या हातात शेडकार्ड आलं होतं. काय वर्णावं! नुसत्या पांढऱ्याचेच इतके प्रकार होते, की आजवर आपण अर्धवट डोळे मिटून जगलो असं मला वाटलं. मी कार्ड उन्हात नेलं, सावलीत नेलं, एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला लावून पाहिलं. (गिऱ्हाईक भला माणूस होता.) शेवटी नखाएवढा एक फिकट बदामी चौकोन माझ्याकडे बघून हसला. रोलर मी आखूड केसांचा घेतला, कारण तो देखणा होता. प्रायमर घेतलाच नाही. रंगाखाली लावायचा आणि दिसणारही नाही, असला रंग विकत घेणं माझ्या बुद्धीला पटेना.

शनिवारी मी शिडीवर चढलो आणि भिंतीला पहिल्यांदा जवळून पाहिलं. इतकी वर्षं मी तिच्या शेजारून ये-जा करत होतो, पण ती अशी आहे हे मला माहीतच नव्हतं. बोटभर जागेत डोंगर, दऱ्या, एका खळग्यात मुंगीचं सगळं बिऱ्हाड! मी रोलर फिरवला. डोंगर बदामी झाले, दऱ्या राखाडीच राहिल्या. पुन्हा फिरवला. भिंतीने तोही रंग गट्ट केला आणि कोरडी ठाक होऊन पुन्हा माझ्याकडे पाहू लागली. शेवटी ब्रश घेऊन एकेक खळगा टोचत बसलो. डबा रिकामा झाला, दुसरा आणला, तोही संपत आला. एवढी तहान मी कुठल्याच वस्तूत पाहिली नव्हती. मी अक्षरशः थक्क झालो होतो.

रविवारी सकाळी भिंत वाळली आणि मी पुन्हा थक्क झालो. सगळी ठिगळं वर आली होती! आधी ती पुसट तरी होती, आता बदामी भिंतीवर एकूण एक ठिगळ पांढरटपणे चमकत होतं.

बायको बाहेर आली. एकेका ठिगळावरून तिची नजर फिरली.

"अजून एक हात मारला की झालं," मी म्हणालो आणि घाईघाईने शिडीवर चढलो. जेमतेम अर्धी भिंत पुन्हा ओली केली, तोच घाईत पाय घसरला. खाली पडू नये म्हणून मी ओल्या भिंतीला कडकडून मिठी मारली, आणि गालाने, छातीने, पोटाने सावकाश खाली घसरत आलो. "सांभाळून घे गं बाई," मी कळवळून भिंतीला म्हणालो.

मागे फाटक वाजलं. त्या बाई आल्या होत्या, ठरल्या वेळेच्या आधीच. मुलगी आईच्या मागे लपली.

बाईंनी आधी भिंत पाहिली.

"भेगा वेळच्या वेळी बुजवता वाटतं तुम्ही?" त्या बायकोला म्हणाल्या. "बरं वाटलं. मागच्या ठिकाणी नुसता वरून रंग फासला होता, आत सगळं पोकळ." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पण हा... मुलं असताना हा इथे असणार का?"

बायकोने माझ्याकडे एकदाच पाहिलं. अर्धा चेहरा बदामी, केसांत बदामी, भिंतीशी बोलणारा माणूस. तिने पापणीही न लववता उत्तर दिलं, "छे हो! याचा आज शेवटचा दिवस."

काय ती धिटाई! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण मी "येतो बाई" म्हणालो, शिडी खांद्यावर घेतली आणि माझ्याच घराच्या फाटकातून बाहेर पडलो. जायचं कुठे हे मात्र सुचेना. म्हणून कोपऱ्यावर जाऊन एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो.

तासाभराने त्या बाई मुलीचा हात धरून तिथूनच परत चालल्या होत्या. मला पाहून थबकल्या. त्यांना माझी दया आली असावी.

"जागा पसंत पडली का हो?" मी न राहवून विचारलं.

"उद्यापासूनच पाठवते. बाई फार हुशार आहेत, मायाळू आहेत," त्या म्हणाल्या. मग माझ्या शिडीकडे पाहून हळहळल्या. "माणसाची निवड तेवढी चुकली त्यांची."

बायकोच्या माहेरचे आजवर हेच म्हणत आले आहेत, हे मी अगदी ओठांवर आलेलं गिळलं आणि म्हणालो, "होय बाई."