लाखाला पाच कमी

सासवडला गुरुवारी एक लग्न होतं.

बद्रीनाथ होले यांचा मार्केट यार्डात कांद्याचा गाळा आहे. त्यांच्या स्कूटरचा मीटर दोन वर्षं बंद होता आणि त्यामुळे त्यांचं काहीही अडलेलं नव्हतं.

‘रामटेके परिवार’ या ग्रुपवरचे दोनशे चौदा मेसेज आयुषने वाचलेले नव्हते.

हिराताई रोज सकाळी पंचशील म्हणतात. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे त्यांचा आवाज किंचित खाली जातो.

अकराशे मीटर म्हणजे यार्डाला एक मोठी फेरी.

९९,९९५.०

गुरुवारी सकाळी बिबवेवाडीतल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुखदेव रामटेके स्कूटरसमोर वाकून मीटरवरचा आकडा वहीत उतरवत होते. भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. भावाभावांच्या बांधांवर साखळी धरून उभे राहिले होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. स्वतःचं म्हणून त्यांनी आयुष्यात एकच गोष्ट मोजली होती, ती म्हणजे ही स्कूटर. एकोणीस वर्षं, एकच मालक, एकच मीटर. त्यात आकड्यांची पाच काळी चाकं आणि शेवटचं दशांशाचं पांढरं. सगळे नऊ एकाच वेळी पलटताना आपल्या डोळ्यांनी बघायचे, एवढीच त्यांची इच्छा होती.

तसा बेत ठरला होता. गॅरेजला जाऊन-येऊन दोन किलोमीटर दोनशे मीटर. उरले दोन किलोमीटर आठशे. गंगाधाम चौकाला वळसा घालून सोसायटीच्या गेटपर्यंतची फेरी त्यांनी मुलीच्या सायकलने मोजून ठेवली होती: बरोबर दोन किलोमीटर आठशे. रविवारी सकाळी दहाला गेटवर लाख. सगळ्यांना निमंत्रण गेलं होतं.

“दहा म्हणजे दहा ना?” सोसायटीचे अध्यक्ष दत्तप्रसाद यांनी विचारलं होतं.

“दहा वाजून दोन मिनिटं.”

“मग मी दहा वाजून दोन मिनिटांनीच खाली येतो. आधी येऊन काय तुमची गाडी येताना बघू?”

वाकडला राहणारा मुलगा आयुष त्या दिवशी सुट्टी घेऊन आला आणि म्हणाला, “बाबा, गाडी सर्व्हिसिंगला मी नेतो.” रामटेक्यांना बरं वाटलं. रविवारी गाडी स्वच्छ दिसायला हवीच होती.

“सरळ जा, सरळ ये,” ते म्हणाले. “मधे कुठे वळू नकोस.”

१.१

तीन वाजता आयुष परत आला. किल्ली फिरवल्यावर स्कूटरच्या कपाळावर निळा उजेड पडला आणि अक्षरं उमटली: हॅलो सुखदेव.

“हे काय आहे?”

“मीटर. फुल डिजिटल, वरच्या मॉडेलचा. याला बसत नव्हता, पण संतोषने वायरिंग बदलून बसवला. फोन आला की नाव दिसतं. पेट्रोल अजून किती किलोमीटर पुरेल तेही सांगतो. जुना वाचायला तुम्हाला रोज वाकायला लागायचं ना, म्हणून. वाढदिवसाचं गिफ्ट.”

रामटेके वाकले नाहीत. वाकायची गरजच नव्हती, आकडा चांगला ठसठशीत होता: १.१.

“आणि माझे किलोमीटर?”

“कुठले?”

“एक लाखाला पाच कमी होते, ते.”

आयुषने फोन काढला. ‘रामटेके परिवार’ उघडला आणि बोटाने वर-वर सरकवत राहिला. निमंत्रण होतं, फेरीचा हाताने काढलेला नकाशा होता, सहा काकांचे अंगठे होते. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरत गेला.

“सॉरी बाबा. ग्रुप म्यूटवर होता.” मग त्याला एक मार्ग दिसला. “पण लाख झाल्यावर जुन्यावरही पुन्हा शून्यापासूनच सुरू झालं असतं ना? पाचच तर आकडे होते.”

“ते शून्य मी चालवून आणलं असतं,” रामटेके शांतपणे म्हणाले. “हे तू दुकानातून आणलंस.”

आयुषची आई हिराताई खाली आल्या. राग आला की त्यांची भाषा पुणे सोडून भंडाऱ्याला जाते. “अरे बाप्पा! काहून हात लावला रे तू त्या मीटरले?” पण हे ओरडताना त्यांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं दिसत होतं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

संतोष मेकॅनिकला फोन लावला. मागे बँड वाजत होता.

“बोला काका! सासवडला आहे, मेव्हण्याचं लग्न!”

“माझा जुना मीटर कुठे आहे?”

“टाकला नाही, काळजी करू नका! चालू मीटर कोण टाकतं? बद्रीशेठची गाडी तुमच्याच मॉडेलची. त्यांना बसवून दिला. दुपारीच घेऊन गेले.”

“घेऊन गेले म्हणजे टेम्पोत घालून?”

“टेम्पोत कशाला? चालवत!”

रामटेके पार्किंगच्या कट्ट्यावर बसले. त्यांचा लाख या क्षणी कुणीतरी परका माणूस मार्केट यार्डात फिरवत होता.

बद्रीनाथ होल्यांचा नंबर मिळाला. “नमस्कार, मी सुखदेव रामटेके. आपण कृपा करून गाडी हलवू नका.”

“का? बॉम हाय का काय तिच्यात?”

“मीटर आहे.”

“आत्ताच बसवलाय. मला म्हाइत हाय.”

“तो माझा आहे. म्हणजे तुमचाच आहे, पण आकडा माझा आहे. मी येतोय.”

गेटवर दत्तप्रसाद उभेच होते. “काय रामटेके, रविवारची तालीम?”

रामटेक्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

“असं. म्हणजे चाक दुसऱ्याचं, पेट्रोल दुसऱ्याचं, घाम दुसऱ्याचा आणि वर नाव तुमचं. साहित्यात याला पुरस्कार मिळतो. जा, जा.”

९९,९९८.९

कांद्याच्या पोत्यांच्या दोन भिंती आणि मधे स्कूटर. बद्रीनाथ होले तिच्यापासून हातभर लांब खुर्ची टाकून बसले होते.

“आल्यावर चहाला गेलतो, मग ब्यांकेत. तुमचा फोन आला तवापासनं हात नाही लावला,” ते म्हणाले. “आता सांगा, काय भानगड हाय?”

रामटेक्यांनी वही उघडून सगळं सांगितलं. बद्रीनाथांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मोजमापाचा माणूस त्यांना समजत होता, त्यांचाही दिवस वजनकाट्यावरच जायचा.

“म्हंजे आजून अकराशे मीटर.”

“हो. संतोष उद्या सकाळी येईल, मीटर काढून पुन्हा मला लावून देईल. नवा तुम्ही घ्या, तो भारी आहे. फक्त आज गाडी इथेच राहू द्या.”

“आन मी? साडेपाचला नातीला क्लासवरनं आणायचंय, धनकवडीतनं.”

“रिक्षा करून देतो.”

“चालू गाडी सोडून रिक्षानं गेलो तर नात मला दारात उभं करायची न्हाई.” बद्रीनाथ उठले. “असं करू. यार्डाला मोठी फेरी मारा. अकराशे मीटर बरोबर हितंच येऊन भरत्यात. गाडी माझी, आकडा तुमचा. चालवणार तुम्हीच. झालं?”

रामटेक्यांनी मागोमाग आलेल्या हिराताई आणि आयुषकडे पाहिलं. रविवार गेला, गेट गेलं, सोसायटी गेली. पण नऊ पलटताना दिसणार होते.

“चालेल,” ते म्हणाले.

“बाबा, मी व्हिडिओ काढतो,” आयुष म्हणाला. त्याला काहीतरी करायचंच होतं.

९९,९९९.८

दोनशे मीटर शिल्लक असताना रामटेक्यांनी गाडी थांबवली. तोपर्यंत बातमी गाळ्यागाळ्यातून पसरली होती. हमाल पोती टेकवून उभे होते, काही जण पोत्यांवर चढले होते. इतकी माणसं जमली आहेत म्हटल्यावर दोन शब्द बोलणं आलंच.

“मंडळी,” रामटेके म्हणाले, “हा आकडा साधा नाही. यात एका मीटरचीही खोट नाही. दोन हजार बारा साली माझी दहा महिन्यांसाठी चिपळूणला बदली झाली. गाडी घरी ठेवली. आमच्या मंडळींचं लायसन नवीन, म्हणून सांगून गेलो की, मी येईपर्यंत गाडी काढायची नाही. जाताना आकडा लिहून नेला. दहा महिन्यांनी येऊन पाहतो तर तोच आकडा. एका दशांशाचा फरक नाही. असं घर आहे माझं.” ते वळले. “हिरा, सांग यांना. खरं की नाही?”

तेरा वर्षांत हे हिराताईंना कुणी विचारलं नव्हतं. न विचारलेल्याचं उत्तर दिलं नाही तर ते खोटं बोलणं होत नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि रोज सकाळी चौथ्या शीलापाशी आवाज जरा खाली घेऊन वेळ निभावली होती. आता मात्र सरळ प्रश्न समोर होता आणि चाळीस हमाल उत्तराची वाट बघत होते.

“आकडा खरा आहे,” त्या म्हणाल्या.

“बघा!”

“पण अहो, गाडी उभी नव्हती.”

पोत्यांवरचे हमाल पुढे वाकले.

“म्हणजे?”

“मी चालवत होते. माझं पोस्ट ऑफिस हडपसरला, दोन बस बदलायला लागायच्या, त्यात मुलं लहान. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी पुढच्या चाकापासची मीटरची केबल काढली. आकडा फिरायचाच थांबला. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी परत लावली.”

आयुषचा व्हिडिओ चालूच होता. तो हळूच म्हणाला, “आई, सुपर्ब.”

रामटेक्यांनी खिशातून पेन काढलं. वहीची पानं संपत आली होती, म्हणून बद्रीनाथांनी गाळ्यावरची एक हिशेबाची चिठ्ठी पुढे केली.

“किती दिवस?”

“महिन्याला चोवीस धरा.”

“रविवार वगळले का, सायेब?” पोत्यावरून एका हमालाने विचारलं.

“वगळले,” रामटेके म्हणाले. “दिवाळी?”

“दिवाळीला पार्सलं असतात. सुट्टी कुठली?”

“जाऊन-येऊन अठरा किलोमीटर. दोनशे चाळीस गुणिले अठरा. चार हजार तीनशे वीस.” त्यांनी मान वर केली. “आणखी कुठे?”

“एकदा देहूरोडला. बुद्धविहारात. मुलांना घेऊन.”

“तिघं एका गाडीवर?”

“लहान होती.”

“सहासष्ट,” रामटेके म्हणाले आणि बेरीज केली. “चार हजार तीनशे शहाऐंशी.”

गर्दीत हा आकडा दोन-तीनदा म्हणून पाहिला गेला. बद्रीनाथांनी आधी ओळखलं. “म्हंजे सायेब, तुमचं लाख कवाच झालंय.”

“हो.”

“आन हे जे आत्ता व्हायचंय, ते काय हाय मग?”

रामटेक्यांनी मीटरकडे पाहिलं. चार नऊ नीट रांगेत, पाचवाही नऊ, आणि पांढरा आठ. चौतीस वर्षांत त्यांनी लोकांचे चुकीचे नकाशे कितीदा तरी फाडायला लावले होते. त्या वेळी समोरच्या माणसाचा चेहरा कसा होतो, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

“हे काही नाही,” ते म्हणाले. मग किल्ली बद्रीनाथांच्या हातात दिली. “तुमची गाडी आहे. फिरवा.”

बद्रीनाथांनी गाडी पुढे काढली. हमाल बरोबर धावले. दोनशे मीटरवर एकच आरोळी उठली आणि लांबून त्यांचा आवाज आला, “सगळी शून्यं! अहो, गाडी नवी झाली की माझी!”

टाळ्या वाजल्या. कुणीतरी आयुषलाही टाळी दिली, कारण मीटर त्याच्यामुळेच आला होता.

परत जाताना नव्या मीटरवर निळ्या अक्षरांत ‘दत्तप्रसाद’ असं नाव तीनदा उमटून गेलं. रामटेक्यांनी फोन घेतला नाही. ते सावकाश चालवत होते आणि हिराताई मागे बसल्या होत्या.

“पावसाळ्यातही?” रामटेक्यांनी विचारलं.

“पावसाळ्यातच तर जास्त. बस यायचीच नाही.”

“केबल कशाने काढलीस?”

“तुमच्याच पान्याने.”

सिग्नल लागला. गाडी थांबली.

“आणि काय वेगाने चालवायचीस?”

“मला काय माहीत?” हिराताई म्हणाल्या. “मीटर बंद होता.”

९५,६१४.०

सुखदेव रामटेके यांच्या स्कूटरने एक लाख किलोमीटर खरं तर दोन वर्षांपूर्वीच, १४ मार्च २०२३ रोजी, मंगळवारी सकाळी पावणेअकरा वाजता, गंगाधाम चौकाच्या थोडं अलीकडे पूर्ण केले. आदल्या दिवशी मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याने रामटेक्यांच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती आणि ते मागे बसले होते. गाडी हिराताई चालवत होत्या.