बिनप्रवाशांची गाडी

“गाडी पारखायला डोळे न्हाई लागत, बूड लागतं बूड!”

नांदेडच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात केरबांनी चारचौघांसमोर असं ठणकावून सांगितलं, आणि त्यांना उलट बोलायची कुणाची छाती होणार? एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होते ते! स्वतः एकदाही स्टिअरिंगला हात लावला नव्हता ही गोष्ट वेगळी. त्या दिवशी त्यांनी पांढऱ्या सात सीटच्या गाडीत सातही जागी बसून पाहिलं. मागच्या सीटवर तर दोनदा उड्या मारल्या.

“पप्पा, बॉनेट उघडून बघा ना एकदा,” प्रियदर्शनी म्हणाली. ही त्यांची लेक. दवाखान्यात नर्स, आणि घरात गाडी चालवता येणारी एकटीच.

“बॉनेटमधी कुनी बसतंय का?” केरबांनी तिला गप्प केलं.

त्यांच्या बायकोला, पंचशीलाबाईंना, मात्र शंका आली. गाडीच्या आत छताला धरायला दांड्या, मागं चढायला लोखंडी पायरी, टपावर हे भलंमोठं कॅरियर! “अवो, एवढ्या दांड्या कामून?”

“ताई, एका गुरुजीची गाडी हाय,” विकणारे व्यंकटराव म्हणाले. “घरात म्हातारी मानसं लई. धरायला लागतं त्यांना!”

झालं! केरबांना गुरुजींच्या मातृपितृभक्तीचं इतकं कौतुक वाटलं, की सौदा तिथल्या तिथं पक्का.

आता ही गाडी हवी होती ती पंचशीलाबाईंसाठी, हे आधी सांगायला पाहिजे. बत्तीस वर्षं हा माणूस दिवाळीला ड्यूटीवर, जयंतीला ड्यूटीवर. बाई एकटी पोरीला घेऊन माहेरी जळकोटला जायची, ती एसटीनं. आणि नवऱ्याच्याच बसनं जायचा योग आला, तर मधेच कुणी म्हातारं चढायचं आणि हेच म्हणायचे, “पंचशीला, उभी ऱ्हा जरा!” म्हणून केरबा रिटायर झाले त्या दिवशी बाईंनी एकच गोष्ट मागितली. “एकदा मला भावाच्या दारात आपल्या गाडीतून उतरायचंय. आपलीच मानसं. एकबी प्रवासी नको!”

योगही तसाच आला. बाईंचा धाकटा भाऊ संघपाल, त्याला अकरा वर्षांनी मुलगी झाली. रविवारी दुपारी बारा वाजता जळकोटला नाव ठेवायचं, आणि पोरीच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं. म्हणजे पंचशीलाबाईंनीच. त्यांनी नाव महिनाभर आधीच ठरवलेलं, पण नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. “तिथंच ऐका,” म्हणायच्या आणि एकट्याच हसायच्या.

रविवारी सकाळी व्यंकटरावांनी माणसाकरवी गाडी सुरू करूनच दारात पाठवली. “बंद करू नका म्हनलेत. चालू राहिली की लई झकास पळती,” असं सांगून तो माणूस जवळजवळ पळतच गेला. केरबांना तीही सेवाच वाटली!

लोहा आलं, गेलं. पंचशीलाबाई मधल्या सीटवर ऐसपैस बसल्या होत्या. नवी जांभळी साडी, मांडीवर बाळाच्या झबल्या-टोपड्याची पिशवी. खिडकीतून येणारा वारा खाऊन त्या चक्क गुणगुणायला लागल्या. केरबांनी पुढच्या सीटवरून मागं वळून पाहिलं, आणि त्यांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी उगाचच खिडकीबाहेर हात काढून एका ट्रॅक्टरवाल्याला रामराम घातला.

कंधारच्या स्टँडसमोर एक म्हैस आडवी आली. प्रियदर्शनीनं ब्रेक दाबला. गाडी थांबली आणि थांबली ती थांबलीच! चावी फिरवली की नुसतं कट्-कट्-कट्.

इतक्यात स्टँडवरच्या लिंबाखाली बसलेली चार माणसं उठली. कुणी हाक मारली नव्हती, कुणी विनवलं नव्हतं. धोतर खोचलेला एक उंच शेतकरी, एक म्हातारी आणि कॉलेजच्या दोन पोरी सरळ गाडीच्या मागं गेल्या आणि ज्याच्या त्याच्या ठरलेल्या जागी हात लावून उभ्या राहिल्या.

“पोरी, दुसरा गिअर टाक! पहिल्यात न्हाई उचलत ही!” शेतकरी ओरडला.

“काय मानुसकी हाय बगा कंधारची!” केरबांचे डोळे भरून आले.

धक्का बसला. गाडी खोकली, शिंकली, सुरू झाली. आणि प्रियदर्शनी ती हळूहळू पुढं घेत असताना चारही जणांनी पळत पळत मागचं दार उघडलं, पायरीवर पाय ठेवला आणि आत येऊन बसले! म्हातारीसुद्धा!

“अवो आजी, ही घरची गाडी हाय!” केरबा ओरडले.

“हाव की! घरचीच हाय,” म्हातारी म्हणाली. ही विठाबाई. “चार वर्सं हिच्यातच जाऊन राहिले मी.” आणि तिनं सीटखाली हात घालून एक गोधडीचं बसकर ओढून काढलं. “बग गं माय, घावलं! दोन म्हैने झाले हुडकून राहिले होते!”

केरबांच्या डोक्यात आता उजेड पडला. ही सवारी गाडी होती! एसटी सुटायच्या आधी पाच मिनिटं स्टँडसमोर येऊन प्रवासी पळवणाऱ्या ज्या गाड्यांना त्यांनी बत्तीस वर्षं शिव्या घातल्या, ज्यांच्याविरुद्ध डेपोत अर्जावर अर्ज केले, त्यातलीच एक त्यांनी स्वतःच्या पैशांनी घरी आणली होती!

“उतरवा त्यांला,” पंचशीलाबाई दात आवळून म्हणाल्या.

“थांबलो तर बंद पडंल. बंद पडली तर ढकलायचं कुनी?” केरबा कुजबुजले. “अन् ज्यांनी ढकललं त्यांलाच उतरवायचं? शोभतं का?”

मागं धोतरवाले आप्पासाहेब शेजारच्या पोरीला सांगत होते, “डायव्हर नवी हाय, पन हात चांगला हाय.” प्रियदर्शनीनं आरशातून बापाकडं असं पाहिलं, की केरबा समोरच्या रस्त्याकडंच बघत राहिले.

जांबच्या चौकात शेळ्यांचा कळप. पुन्हा ब्रेक, पुन्हा कट्-कट्. या खेपेला आणखी दोन गडी आले. त्यांनी ढकललं, चढले. गाडीत आता प्रियदर्शनी धरून नऊ डोकी झाली. आणि केरबांचं काहीतरी बिघडलं. म्हणजे आमच्या मते सुधारलं! ते पुढची सीट सोडून मागच्या पायरीवर जाऊन उभे राहिले, एका हातानं दांडी धरली, आणि त्यांचा आवाज सुटला.

“पुढं सरका, पुढं सरका! आजी, पाय आत घ्या! वो पाव्हनं, पिशवी मांडीवर घ्या, पिशवीला सीट न्हाई भेटत!”

मधल्या सीटवर ऐसपैस बसलेल्या पंचशीलाबाई सरकत सरकत दाराला चिकटल्या. साडीवर कुणाची तरी पिशवी आली, खांद्यावर कुणाचं तरी कोपर. एक जण केरबांना भाडं द्यायला लागला, तेव्हा मात्र ते कडाडले, “खबरदार! मी एसटीचा मानूस हाय!”

“पप्पाचे डोळे बघ मम्मी,” प्रियदर्शनी हसू दाबून म्हणाली. “रिटायर झाल्यापासून एवढे चमकले नव्हते.”

खरं होतं ते. आठ महिने हा माणूस घरात नुसता भिंतीकडं बघत बसायचा. बाईंना ते दिसलं, म्हणून तर त्यांचा राग अर्धा उतरला. पण घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

“बाराला पोचवा म्हंजे झालं,” त्या म्हणाल्या.

जळकोट दहा किलोमीटरवर आलं, आणि एका फाट्यावर उसाच्या ट्रॉलीनं रस्ता अडवला. गाडी तिसऱ्यांदा मेली! सपाट रस्ता, भरलेली गाडी.

“समदे उतरा! हलकी करा!” केरबांनी हुकूम सोडला. सगळे उतरले. पंचशीलाबाईही उतरल्या, पदर खोचला, आणि नव्या जांभळ्या साडीत गाडी ढकलायला लागल्या. भाचीसाठी काय काय करावं लागतं! गाडी भक्कन धूर सोडून सुरू झाली, तशी पळापळ झाली. ज्यानं त्यानं दांडी धरली, उडी मारली, आत घुसला.

बत्तीस वर्षांची सवय होती. केरबा शेवटी पायरीवर चढले आणि डोकी मोजली. “दोन, चार, सहा, आठ, अन् मी नऊ!” बरोबर नऊ! एकही कमी नाही, एकही जास्त नाही. त्यांनी टपावर दोनदा हाणलं. ठण्-ठण्! कंडक्टरची दोन घंटींची खूण म्हणजे चला. पोरगी लहानपणापासून तेच ऐकत आलेली. तिनं गाडी सुसाट सोडली.

दोन किलोमीटर गेल्यावर विठाबाईंनी पुढं वाकून पाहिलं. “वो कंडक्टर, तुमची मंडळी कुठं हाय?”

“कुठं असंल? दारापाशी,” केरबा म्हणाले, आणि त्यांनी वाकून पाहिलं. दारापाशी केळीचा घड मांडीवर घेऊन एक जाडजूड पाहुणा बसला होता!

“तुमी कवा चढले?”

“फाट्यावर. तुमीच तर म्हनले, सरका पुढं!”

“अन् हितं एक बाई होती!”

“जांभळ्या साडीची? तिची चप्पल निघाली होती ना. ती मागं आनायला गेली की!”

केरबांनी मोबाइल काढून बायकोला फोन लावला. फोन विठाबाईंच्या मांडीखाली वाजायला लागला. पर्स गाडीतच! झबलं गाडीत, टोपडं गाडीत, नऊ माणसं गाडीत, आणि जिच्यावाचून बारसं होणार नाही ती आत्या तेवढी रस्त्यावर!

केरबांनी टपावर एकदाच हाणलं. एक घंटी म्हणजे थांबा. गाडी थांबली आणि अर्थातच मेली.

“फिरवा गाडी! उलटी घ्या!” केरबा रडकुंडीला आले.

“उलटं आमी न्हाई ढकलत,” आप्पासाहेबांनी हात झाडले. “आमाला जळकोटला जायचंय.”

मग केरबांनी भर रस्त्यात सगळं सांगितलं. अकरा वर्षांनी झालेली पोर, बारा वाजताचं बारसं, आत्यानं मनात जपून ठेवलेलं नाव. “बाई आयुष्यात एकदाच कायतरी मागितली, अन् मी तिलाच इसरून डबल घंटी दिली!”

“आगं माय! आत्याच ऱ्हायली व्हय मागं?” विठाबाईंनी तोंडावर हात मारला. “लावा रे हात! बघता काय?”

सगळ्यांनी जोर लावला. गाडी रस्त्यात बरोबर आडवी झाली, आणि तिथंच चाक खड्ड्यात बसलं. ना पुढं, ना मागं. तेवढ्यात मागून भोंगा वाजला. लालभडक एसटी!

“कोनाची रे ही सवारी गाडी? काढ बाजूला!” दारातून कंडक्टर गरजला. मग त्याचा आवाज एकदम बसला. “उस्ताद? तुमी?”

शिवमूर्ती होता तो. केरबांनीच तिकीट फाडायला शिकवलेला पोरगा! केरबांना वाटलं, खड्ड्यात चाकाशेजारी थोडी जागा असती तर बरं झालं असतं. पण त्यांनी वर पाहिलं, तर ड्रायव्हरमागच्या खिडकीत जांभळी साडी.

“पंचशीला!” ते धावले. “उतर, उतर! आपली गाडी हाय हितं!”

बाईंनी आपली गाडी पाहिली. भोवतीची आठ माणसं पाहिली, केळीचा घड पाहिला. मग शिवमूर्तीचं घड्याळ पाहिलं. पावणेबारा.

“प्रिया, माझी पर्स अन् बाळाची पिशवी दे,” त्या म्हणाल्या. खिडकीतून दोन्ही घेतलं. “शिवमूर्ती, गाडी तेवढी बाजूला लावून घे, अन् डबल घंटी दे!”

सवाऱ्यांनी एका दमात गाडी उचलून कडेला लावली. इतका जोर त्यांनी अख्ख्या सकाळी लावला नव्हता! कारण लगेच सगळे एसटीकडं पळाले. “चला, लाल गाडी आली!” पहिल्या विठाबाई, बसकर बगलेत मारून. शेवटी केळीवाला. बत्तीस वर्षांत एसटीनं सवारी गाडीचे प्रवासी पळवल्याचं केरबांनी पहिल्यांदाच पाहिलं, आणि ते नेमके त्यांचेच होते. ठण्-ठण् घंटी झाली, बस गेली. उरले बाप-लेक आणि धुरळा.

जळकोटला ते पोचले दीड वाजता, एका ट्रॅक्टरच्या मागं गाडी दोरखंडानं बांधून. गल्लीतली माणसं वरातीसारखी बघायला आली. बुद्धवंदना झाली होती, बारसं झालं होतं. बारा वाजता नाव कानात सांगितलं होतं, आणि आत्याच्या पाठीवर सगळ्यांचे बुक्केही बसले होते. पोरीचं नाव लुंबिनी ठेवलं, हे केरबांना कळलं तेसुद्धा विठाबाईंकडून. कारण मांडवात पहिल्या पंगतीला विठाबाई, आप्पासाहेब, कॉलेजच्या पोरी, केळीवाला, सगळे रांगेनं बसून जेवत होते!

“दाजी, ताईनंच आनली ही मंडळी,” संघपाल हसत म्हणाला. “म्हनली, लई ढकललंय त्यांनी, जेवून जाऊ द्या.”

पंचशीलाबाई वरणाचं भांडं घेऊन वाढत होत्या. चेहरा नुसता फुललेला. केरबा भीत भीत जवळ गेले.

“लई रागावलीस का गं?”

“कशाला? भाचीचं नाव माझ्या तोंडून निघालं. आज मला काय कमी हाय?” बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या हसतच होत्या. केरबांनाही भरून आलं. जिवात जीव आला तशी पोटात भूक पेटली. ते हळूच आप्पासाहेबांच्या शेजारी टेकायला वाकले.

“अवो, अवो! कुठं बसून राहिले?” बाईंनी पळी आडवी धरली. “फुल हाय ही! मागून दुसरी येऊन राहिली, रिकामी हाय. तिनं या!”

अख्खी पंगत खो-खो हसली. केरबा मांडवाच्या खांबाला धरून उभे राहिले.