तायडे मिस्तरींची पाण्याची वाटी

तायडे मिस्तरी मळणीयंत्राची नाडी वाटीत बघायचे. यंत्र धडधडत असताना पाण्याने भरलेली पितळी वाटी त्यावर ठेवायची, पाण्याची थरथर न्याहाळायची आणि निकाल द्यायचा, "पुली वाकडी हाय." साठ सालच्या आसपासची गोष्ट. अकोल्यातल्या यंत्रांच्या दुकानात मी कारकून आणि ते मिस्तरी.

दुकानात मात्र ते यंत्राला हात लावत नसत. "रिकामं मशीन साळसूदच राह्यते, बाबू. खळ्यावर त्याच्या तोंडात ज्वारी घाला, मंग पाहा कसं थयथयते!" मालक कपाळ बडवून घ्यायचे.

एवढ्यावर थांबते तर ते मिस्तरी कसले! हाच कायदा त्यांनी एकुलत्या मंदाच्या लग्नाला लावला. आईविना वाढलेली पोर, विशी उलटलेली. पाहुणे म्हणत, चहाला या. हे म्हणत, "चहा पेताना सगळेच गरीब. पोरगा कामावर पाहीन." एका मास्तराला वर्गात जाऊन पाहिलं: "आवाज फाटते." तलाठी बघितला: "बसल्या बसल्या पाय हालवते, बेरिंग गेली त्याची." तिसरा दुकानदार, तो गिऱ्हाइकासमोर घामेजला म्हणून बाद. आम्ही पोट धरधरून हसलो. मंदा नव्हती हसत. "बाबा, मी म्हातारी झाल्यावर ठरवसान का?" असं तिनं माझ्यादेखत विचारलं होतं.

चौथं स्थळ अंजनगाव सुर्जीचं. मुलगा मळणीयंत्रच चालवायचा. मिस्तरी मलाही घेऊन गेले. खळ्यावर यंत्र सुरू होण्याआधी या गृहस्थाने खालचा एक नट हळूच ढिला केला! जावयाची अशी परीक्षा घेणारा सासरा मी तरी दुसरा पाहिला नाही.

यंत्र सुरू झालं. पेंढ्या घेऊन येणारा मुलगा मध्येच थबकला. "बंद करा! तळपायाले हादरा वेगळाच लागून राहिला." वाकून त्याने नेमका तोच नट आवळला. कुणावर ओरडला नाही की कुणाला शिवी दिली नाही.

"पास!" मीच ओरडलो. मिस्तरी वाटी पुसत बसले.

परतताना एसटीत ते वाटी मांडीवर घेऊन बसले. मी डिवचलं, "काहून हो, याच्यातबी खोट निघाली का?"

"नाई ना निघाली," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पह्यल्या तिघांतबी नवती, बाबू. मंदीले धाडवत नवतं मले."

अकोला जवळ आल्यावर ते म्हणाले, "होकाराचं कार्ड तुमीच लिहा. माह्याच्यानं नाई होत."