जोडीच्या दराने समुद्रतळाची मोहीम

वाचणाऱ्या सुज्ञ मंडळींचे सेवेसी लेखणीच्या चाकराचे विज्ञापन ऐसे जे, बेटावरील समुद्रतळाच्या मोहिमेची हकीकत ज्याने त्याने आपापल्या सोयीने सांगावी, कोणी खर्च निम्मा सांगावा, कोणी मासा दुप्पट सांगावा, ऐसा सुळसुळाट जाहला. सबब जे घडले ते घडल्या क्रमाने, पदरचे तिखटमीठ न लावता, लिहिणे प्राप्त जाहले. मोहीम तीन दिवस चालली. पैकी पाण्याखाली पंचवीस मिनिटे आणि बाकी सर्व दुकानाच्या दारात.

मोहिमेचे सेनापती खासे खरेदीसाहेब, एका थोर कचेरीच्या खरेदीखात्याचे प्रमुख, उमर चोपन्न. सांगितल्या किमतीस वस्तू घेतली ऐसा डाग त्यांनी जन्मात लागू दिला नव्हता. टाचण्यांच्या डब्यांपासून लोखंडी कपाटांपर्यंत जे जे कचेरीत आले ते ते त्यांच्या तावडीतून सोलून निघाले, आणि पुरवठादार जिना चढताना हसत चढत आणि उतरताना कठडा धरून उतरत. मंजुरी द्यावयाची ती तोंडाने देण्याचा रिवाज नव्हता. मर्जी बसली की खासे उजव्या हाताचा अंगठा वर करीत, आणि तो अंगठा दिसावा म्हणून भले भले तासन्‌तास बाकावर बसून राहत. कित्येकांस त्यांनी दुसऱ्या अर्थानेही अंगठा दाखविला, त्यांची गणती ठेवलेली नाही. ऐसे हे पराक्रमी पुरुष, परंतु पाण्याशी त्यांचा संबंध बादलीपुरता. गुडघ्याच्या वर पाणी चढले की त्यांस कचेरीतील तातडीची कामे आठवत.

त्यांचे कुटुंब बाईसाहेब, शाळेत गणित शिकवीत. त्या आठ वर्षांमागे, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, गावच्या फरशीबंद तलावात पोहणे शिकल्या, आणि मग दररोज सकाळी सहाच्या बायकांच्या तुकडीत जाऊ लागल्या, आणि खोल बाजूस बुडी मारून तळास हात लावून येऊ लागल्या. लग्नास पंचवीस वर्षे जाहली तेव्हां खाशांनी विचारले की काय पाहिजे ते मागावे, आणि मनात मिक्सरची तजवीज करून ठेवली, कारण मिक्सरवाला पुरवठादार मुठीत होता. बाईसाहेबांनी पोळी लाटता लाटता फर्माविले, "मला समुद्राचा तळ बघायचाय. आठ वर्षं फरशीच बघतेय मी. परवा तर एक केसाची पिन दिसली, तेवढंच काय ते नवीन." पंचवीस वर्षांत बाईंनी स्वतःकरिता काही मागितल्याचे दफ्तरी आढळत नव्हते. सबब खाशांस नाही म्हणण्यास जागा राहिली नाही.

मग बेटाचा मुलूख मुक्रर जाहला, आणि सोमवारी दुपारी खाशी स्वारी दोन बॅगा, एक छत्री आणि सनस्क्रीनच्या तीन नळ्या ऐसा सरंजाम घेऊन डेरेदाखल जाहली. बाईसाहेबांची नजर लाटांवर, आणि खाशांची नजर किनाऱ्यावरील डायव्हिंगच्या दुकानाबाहेरील फळ्यावर. फळ्यावर लिहिले होते, माणशी नऊ हजार, पाण्याखाली पंचवीस मिनिटे. उतरावयाचे एकट्या बाईसाहेबांनी, खाशांनी काठावर छत्री धरावयाची, ऐसा बेत होता. खासे तेथेच उभे राहिले आणि मिनिटास तीनशे साठ ऐसा हिशेब तोंडी करून पुकारते जाहले की समुद्र कोणाच्या तीर्थरूपांचा नाही. त्यातच धाकटे बंधू दोन वर्षांमागे याच बेटावर येऊन गेले होते आणि "मी साडेसहात केलं, दादा" ऐसे सांगून हसले होते. ते हसणे खाशांचे काळजात काट्यासारखे राहिले होते. आता मोहीम नऊ हजारांची उरली नाही, अब्रूची जाहली.

खाशांची मसलत ऐसी की घाई दाखवू नये, सुटी संपत आली की दुकानदार नरम पडतो, शेवटच्या दिवशी गुरुवारी सकाळी घाला घालावा. सोमवार टेहळणीत गेला. मंगळवारी सकाळी खासे दुकानात शिरले आणि मालकीणबाईंसमोर, पायांतील चपलेची वाळू झाडत, मोठ्या उदास चेहऱ्याने, आम्हांस तशी गरज नाही ऐसे जाहीर करते जाहले. मालकीणबाई रबरी पोशाख दोरीवर वाळत घालीत होत्या. त्या म्हणाल्या, "बरं, काका." खाशांस आयुष्यात इतक्या लवकर कोणी बरं म्हटले नव्हते. तेव्हां त्यांनी आपले हुकमी अस्त्र काढले, ते ऐसे की पाठ फिरवून चालू लागावे आणि हाक येण्याची वाट पाहावी. एक पाऊल, दोन पावले, मग पावले लहान केली, मग चपलेचा पट्टा नीट करण्याच्या मिषाने थांबले, मग एक शिंपला उचलून निरखला. हाक आली नाही. वाळू तापलेली, खासे नारळाच्या झाडापर्यंत पोचले, आणि तेथून मागे वळण्यास काही तरी निमित्त पाहिजे म्हणून छत्री विसरल्याचा बहाणा करून परत आले. छत्री हातातच होती.

मालकीणबाई मोठ्या मुत्सद्दी. त्यांनी विमान कधीचे म्हणून विचारले आणि गुरुवारी दुपारचे ऐसे कळताच गंभीरपणे म्हणाल्या, "मग उद्या सकाळी आठ, नाहीतर नाहीच. डाइव्ह केल्यावर चोवीस तास विमानात बसता येत नाही, काका." ऐसे म्हणताच गुरुवारची मसलत जागच्या जागी ठार जाहली. दाराशी बाईसाहेब उभ्या होत्या. त्या फक्त पाण्याकडे पाहत राहिल्या, आणि हे खाशांस घासाघिशीपेक्षा जड गेले. तरी हाडाचे योद्धे ते, त्यांनी निर्वाणीचा बाण सोडला, साडेसहा. मालकीणबाईंनी क्षणाचाही विलंब न करता तो झेलला, "साडेसहा जोडीला बसतं, काका. दोघांचे तेरा, गाइड एकच." खाशांच्या कानी साडेसहा हा एकच शब्द पडला, बंधूंचा हसरा चेहरा डोळ्यांपुढे उभा राहिला, आणि उजवा अंगठा आपसूक वर जाहला. तेरा हजार मोजून पावती घेऊन बाहेर पडल्यावर, नारळाच्या झाडाशी येता येता, खाशांच्या ध्यानी आले की एका माणसाचे नऊ हजार कमी करावयास निघालेले आपण चार हजार जास्त देऊन स्वतःस समुद्रात टाकण्याचा करार करून आलो. पावतीवर लिहिले होते, पैसे परत नाहीत. बाईसाहेबांनी मात्र इतकेच विचारले, "अहो, तुम्ही खरंच येणार?" आणि त्यांचा चेहरा ऐसा खुलला की आता नाही म्हणणे माघार नव्हे, बेइमानी ठरली असती.

बुधवारी प्रातःकाळी युद्धाची शिकवण जाहली. गाइड हा काळाभोर, काटक, पाण्यातच वाढल्यासारखा गडी, त्याने बोटांच्या खुणा समजाविल्या, कारण पाण्याखाली तोंडात हवेची नळी असते आणि बोलणे बंद. बाईसाहेब एकेक खूण करून पाहत होत्या. खासे त्या समयी सहीच्या फॉर्मचे चौथे कलम वाचण्यात गर्क होते, कारण त्यात टॉवेलचे भाडे वेगळे ऐसे बारीक अक्षरांत दडविलेले त्यांनी हुडकून काढले होते. टॉवेल फुकट करून घेतला. तोवर खुणा संपल्या.

मग खाशांस रबरी पोशाखात भरण्यात आले, त्या कामी दोन माणसे आणि थोडी पावडर खर्ची पडली, आणि पाठीवर हवेची टाकी, कमरेस शिशाचे वजन, पायांत बदकाचे पंजे, डोळ्यानाकावर काचेचा मुखवटा ऐसे चढवून त्यांस नावेतून खोल पाण्यात उतरविले. गाइडने एका हाताने खाशांस व दुसऱ्या हाताने बाईसाहेबांस धरले, आणि तिघे खाली चालले, आणि कानांत कुरकुर जाहली, आणि निळे पाणी वर मिटले. गाइडने बोटांचे वाटोळे करून ठीक आहे ना ऐसे पुसले. खाशांस त्यात शून्य दिसले. आणखी सूट शून्य, ऐसा अर्थ त्यांनी लाविला आणि मोठ्या मनाने, चालेल, ऐसे सांगण्यास अंगठा वर केला. तत्क्षणी गाइडने दोघांस ओढून पृष्ठभागावर आणिले. पाण्याखाली वर केलेला अंगठा म्हणजे वर चला. आणि गाइड एक, सबब एकाने वर म्हटले की दोघांस वर येणे भाग. पुन्हा सर्व सोपस्कार जाहले. मग खाली जाताच पिवळ्या माशांचा थवा आला, आणि बाईसाहेबांनी आनंदाने बोट दाखविले, आणि खाशांनी बत्तीस वर्षांच्या नोकरीच्या सवयीने, मासे मंजूर केले. पुन्हा वर.

चौदा मिनिटे खलास जाहली. गाइडने कळविले, "काका, अंगठा दिसला की मला आणावंच लागतं. सगळं ठीक असेल तर बोटांचं वाटोळं करा. आता वर आलो की संपलं, बरं का." बाईसाहेब रागावल्या नाहीत. त्या मुखवट्यातील पाणी काढीत हळूच म्हणाल्या, "अहो, तो अंगठा खिशात ठेवा ना." खाशांनी खिसा चाचपला. त्या पोशाखास खिसा नव्हता.

तिसरी स्वारी. तळ आला, आणि वाळू, आणि वाळूत रुजलेले जांभळे पोवळे, आणि त्यामागून एक म्हातारे कासव निघाले, ते कोणाची पर्वा न करता बाईसाहेबांसमोर येऊन थांबले. बाईसाहेब हात जवळ घेऊन, हालचाल न करता, तरंगत राहिल्या. आणि नेमके त्याच वेळी खाशांच्या मुखवट्याची कड सैल जाहली आणि पाणी आत येऊ लागले, प्रथम नाकाशी, मग डोळ्यांशी. येथे थट्टा लिहिण्याचे कारण नाही, खासे खरोखर घाबरले. आपण येथेच संपतो ऐसे वाटले, आणि वर नेणारे शस्त्र हाताशी तयार, एक अंगठा तेवढा वर करावयाचा. डोळ्यांत खारे पाणी झोंबत असता त्यांनी अर्धवट दिसणाऱ्या कुटुंबाकडे पाहिले. मग तो अंगठा चार बोटांखाली घातला आणि मूठ आवळली. गाइडने वाटोळे करून पुसले. खाशांनी डाव्या हाताने वाटोळे केले, आणि ते आयुष्यातील सर्वांत मोठे खोटे होते. गाइडने मुखवटा दाबून बसविला, पाणी थोडे राहिले, आणि मूठ शेवटपर्यंत उघडली नाही. कासव आपल्या सवडीने गेले.

नावेत बसल्यावर बाईसाहेब केस पिळीत म्हणाल्या, "अकरा मिनिटं मिळाली. तुमच्यामुळे." आता तुमच्यामुळे पंचवीसची अकराच राहिली, की तुमच्यामुळे अकरा तरी लाभली, हे वाक्य खाशांनी कलमासारखे दोनदा तपासले आणि अर्थ विचारण्याची हिंमत केली नाही. तोच बाईसाहेबांनी त्यांचा उजवा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. मूठ अजून आवळलेलीच होती. त्यांनी एकेक बोट सोडवून सरळ केले, आणि आत पांढरा पडलेला अंगठा होता तो आपल्या मुठीत धरून किनारा येईपर्यंत चोळीत बसल्या.

सबब सुटीचा तिसरा दिवस, बुधवार, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे, समुद्रतळाची मोहीम फत्ते जाहली, आणि फत्ते खरेदीसाहेबांचे नावे दाखल केली. साक्ष, बाईसाहेब. लिहिले ते बरहुकूम.